फ्रँकीचं सगळे सांगतात, हर्मन-जिमीचं कोण सांगणार?

प्रिय बंड्या,

तू विचारलंस ना, त्या 'द टीनएजर्स' ग्रुपच्या 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' गाण्यात एवढं काय आहे म्हणून सारखी लिंक पाठवतोस, तर आता ऐक, तूच ओढवून घेतलंयस.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम-वॉशिंग्टन हाइट्सकडची ही पाच शाळकरी पोरं. हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी पोर्टोरिकन, जिमी मर्चंट, शर्मन गार्न्स आणि फ्रँकी लायमन काळे. बँड वगैरे कुठला, कोपऱ्यावर उभं राहायचं नि तोंडानंच सगळं, तिथं तेव्हा गल्लोगल्ली हेच चालायचं. आधी मेन गायक हर्मन होता बरं का, पण फ्रँकीचा तो टिपेचा आवाज ऐकल्यावर त्याला पुढे केलं. जानेवारी १९५६ मध्ये 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' आलं तेव्हा फ्रँकी १३ वर्षांचा! अमेरिकेत पॉप चार्टवर सहावा नंबर, इंग्लंडमध्ये थेट पहिला.

पुढचं तुला माहितीये. १९५७ मध्ये त्याला सोलो केला, रॉक-अँड-रोलवाला डीजे अ‍ॅलन फ्रीडच्या टीव्ही शोमध्ये तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतली चॅनेल्स भडकली, मग आवाज फुटला, हेरॉइन, आणि १९६८ मध्ये २५ व्या वर्षी खेळ खलास. वाईट वाटतंच रे. पण माझं डोकं फिरतं ते हर्मन आणि जिमीवरून.

गाणं लिहिण्यात आपणही होतो असं या दोघांचं म्हणणं, पण गाण्यावर श्रेय फ्रँकीचं आणि रेकॉर्ड कंपनीवाल्या जॉर्ज गोल्डनरचं, आणि नंतर गोल्डनरनं जुगाराच्या कर्जापायी धंदा मॉरिस लेव्ही या माफियाशी लागेबांधे असलेल्या धंदेवाल्याला विकला तर गोल्डनरच्या जागी लेव्हीचं नाव! म्हणजे ज्यानं एक सूर लावला नाही तो गीतकार. १९८१ मध्ये गायिका डायना रॉसनं तेच गाणं हिट केलं, रॉयल्टीचा पैसा दिसायला लागला आणि फ्रँकीची बायको मीच म्हणत तिघी कोर्टात, एक तर 'द प्लॅटर्स' ग्रुपची गायिका झोला टेलर. हर्मन-जिमीनंही केस टाकली, १९९२ मध्ये ज्युरीनं मानलं की गाणं यांचंही आहे, मला वाटलं सुटले बिचारे. तर १९९६ मध्ये वरचं कोर्ट म्हणतं दावा तीन वर्षांच्या आत करायचा होता, मुदत संपली. गाणं तुमचं नाही असं नाही, उशीर झाला! अरे, शाळेतल्या पोरांनी वकील गाठायचा होता का लेव्हीसारख्या माणसाविरुद्ध?

आता लावशील तेव्हा फ्रँकी सुरू व्हायच्या आधीचा शर्मनचा खर्ज ऐक, नुसते डुम-डुम बोल आहेत पण काय वजन आहे. आणि हेडफोन लाव रे, मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज कसला कळतोय.

तुझा,
सुऱ्या