‘ऑस्ट्रेलियाचा शोध : कॅप्टन कुक’ हे उत्तर दुरुस्त करावे

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत प्रश्नमंजूषा होती. ‘ऑस्ट्रेलियाचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाचे उत्तर पानाच्या तळाशी उलटे छापले होते : कॅप्टन जेम्स कुक, १७७०. माझ्या नातीने वहीत ‘डच’ लिहिले होते, कारण ते तिला मीच सांगितले होते. पान उलटे धरून तिने उत्तर वाचले आणि मग माझ्याकडे असे काही पाहिले की हे पत्र लिहिणे भागच पडले.

कुकच्या आधी १६४ वर्षे, म्हणजे १६०६ मध्ये, विलेम यान्सझोन हा डच कप्तान ‘डाइफकेन’ नावाचे लहानसे जहाज घेऊन ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्याला लागला. सुमारे ३०० किलोमीटर किनारा त्याने कागदावर उतरवला. तिथल्या लोकांशी चकमकी झाल्या, माणसे गेली आणि तो परतला. जिथून परतला त्या टोकाला त्याने दिलेले नाव आजही नकाशावर आहे : केप कीरवीर, ‘माघारी वळा’. आपण न्यू गिनीच पाहून आलो असे त्याला वाटत होते. गंमत म्हणजे त्याच वर्षी तोरेस हा स्पेनच्या सेवेतला दर्यावर्दी न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या सामुद्रधुनीतून पार झाला. पण स्पॅनिश लोकांनी ती माहिती दडवून ठेवली.

पुढचे प्रकरण मला फार आवडते, कारण त्यात चूक हाच शोध आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लवंग, जायफळ, मिरी आणायला जावाकडे जात. (आमच्या वेंगुर्ल्यात जिचे भग्न अवशेष उभे आहेत ती डच वखार याच कंपनीची.) १६११ मध्ये ब्राउवर या डच दर्यावर्दीने नवा मार्ग काढला. आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून आणखी दक्षिणेला उतरायचे, तिथले दणदणीत पश्चिमी वारे शिडात भरून घेत सरळ पूर्वेला सुटायचे आणि मग योग्य ठिकाणी उत्तरेला जावाकडे वळायचे. कित्येक महिने वाचले. अडचण एकच, योग्य ठिकाण कुठले? अक्षांश सूर्याच्या उंचीवरून काढता येई. रेखांश मात्र अंदाजाने. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा, तो जहाजाच्या मागच्या टोकापर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून दिवसभरात किती अंतर कापले त्याचा हिशेब मांडायचा. पाण्याचा प्रवाह जहाजाला ढकलतो आहे की नाही हे त्या तुकड्याला कळत नाही, कारण तोही त्याच प्रवाहात असतो. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलिया!

डर्क हार्टोगचे असेच झाले. २५ ऑक्टोबर १६१६ रोजी त्याचे ‘एन्द्राख्त’ हे जहाज पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटाला लागले. दोन दिवसांनी निघताना त्याने जेवणाची एक कथलाची थाळी ठोकून सपाट केली, तीवर जहाजाचे, व्यापाऱ्याचे आणि स्वतःचे नाव कोरून ती खांबाला ठोकली. ८१ वर्षांनी व्लामिंग हा दुसरा डच कप्तान तिथे आला. त्याने जुना मजकूर नव्या थाळीवर उतरवला, खाली आपली भर घातली आणि हार्टोगची थाळी सोबत नेली. ती आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. व्लामिंगची थाळी फ्रीमँटलच्या संग्रहालयात आहे. आमचे जहाज तिथे लागले होते तेव्हा मी ती पाहिली. कडा झिजलेल्या, पण अक्षरे कोणी घाईत कोरल्यासारखी नाहीत. एक एक ओळ नीट बसवलेली.

सगळ्यांचे नशीब असे नव्हते. १६२९ मध्ये ‘बटाविया’ हे डच जहाज याच किनाऱ्याजवळच्या खडकांवर फुटले आणि वाचलेल्यांतले शंभराहून अधिक जण बंडखोरांनी मारले. १६४२ मध्ये टास्मान हा डच दर्यावर्दी टास्मानियाला पोहोचला, १६४४ मध्ये त्याने उत्तर किनारा पाहिला. पण विकण्याजोगे काही सापडेना, म्हणून कंपनीचा रस संपला. नकाशावर पश्चिम, उत्तर आणि थोडा दक्षिण किनारा उमटला होता. पूर्वेची बाजू कोरी राहिली.

ती कुकने १७७० मध्ये एप्रिल ते ऑगस्ट या काळात भरली आणि उत्तम भरली. त्याला कमी लेखायचे नाही. पण पश्चिमेचे श्रेय डच दर्यावर्दींचे आहे, असे खुद्द कुकनेच रोजनिशीत लिहून ठेवले आहे. जे त्याने मागितले नाही ते आपण कशाला द्यायचे? आणि संपूर्ण खंडाला समुद्रातून वळसा घालून किनारा मोजला तो मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीने, १८०२-०३ मध्ये. बंगारी हा तिथलाच मूलनिवासी त्याच्या जहाजावर होता आणि किनाऱ्यावरच्या लोकांशी आधी तोच जाऊन बोले. परतताना फ्लिंडर्सला फ्रेंचांनी मॉरिशसला साडेसहा वर्षे अडकवून ठेवले आणि त्याचा नकाशा निघाला १८१४ मध्ये. तोवर फ्रेसिनेचा फ्रेंच नकाशा १८११ मध्येच बाहेर पडला होता.

राहता राहिला ‘शोध’ हा शब्द. बंगारीचे पूर्वज तिथे ५० हजारांहून अधिक वर्षे राहत होते. तेव्हा प्रश्नच ‘ऑस्ट्रेलियाचा किनारा प्रथम नकाशावर आणणारे युरोपीय कोण?’ असा विचारला असता तर बरे झाले असते.

जहाजावर सेकंड ऑफिसर असताना चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, दुरुस्त करणे माझ्याकडे होते. दर आठवड्याला सूचना येत. कुठे दिवा बदलला, कुठे खडक सापडला. जांभळ्या शाईच्या बारीक निबाने ते टिपायचे आणि चार्टच्या डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा क्रमांक घालायचा. आधी छापणाऱ्याला त्यात कमीपणा वाटल्याचे मी कधी ऐकले नाही.

आपणही दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि छापलीत तर सुलट छापा, नातीला मान वाकडी न करता वाचता यावी.

आपला,
एक निवृत्त दर्यावर्दी, वेंगुर्ले