कटऑफच्या क्रमाने कॉलेजं भरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की तुमच्या पेपरात (तुमच्याच कशाला, सगळ्याच पेपरांत) ७२० पैकी अमुक मार्क मिळवणाऱ्यांचे पेढे भरवतानाचे फोटो येतात, दुसऱ्या दिवशी गेल्या वर्षीचा कटऑफ येतो आणि तिसऱ्या दिवशी क्लासवाल्यांची पानभर जाहिरात. त्याच्यापुढे मुलं जातात कुठे, राहतात कशी, हे कोणी छापत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण मधला हॉस्पिटलचा भाग तेवढा ठेवा.

आम्ही कुडाळ तालुक्यातले, आंबा-काजूवाले. घरात डॉक्टर सोडा, मागच्या तीन पिढ्यांत कोणी कंपाउंडरसुद्धा नव्हता. मुलगी आता एमबीबीएस सेकंड इयरला आहे, आणि ती जिथे आहे तिथे ती आमच्या विचाराने गेलेली नाही, एका पीडीएफने गेली आहे. झालं असं की कॉलेजांचे प्रेफरन्स भरायची शेवटची रात्र, चतुर्थी तोंडावर आलेली, बाहेर धो धो पाऊस, सायबर कॅफेत लाइट गेलेली, यूपीएस टीं टीं करतोय, आणि मी मोबाइलवरून चार आकडी कोड वाचून दाखवतोय नि कॅफेतला पोरगा टाइप करतोय. लिस्ट कोणाची, तर पैसे देऊन घेतलेल्या एका ॲडमिशन काउन्सिलरची, तीच ती पीडीएफ. त्याने काय केलेलं, गेल्या वर्षीचा कटऑफ घेऊन वरून खाली कॉलेजं मांडलेली, बस्स. २०२० मध्ये ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के सीट आपल्याच भागातल्या मुलांना) गेला तेव्हापासून आपल्या मुलांच्या लिस्टमध्ये नांदेड, चंद्रपूर, गोंदिया सगळंच असतं, त्यामुळे लिस्टही मारुतीच्या शेपटासारखी. आम्ही एकही नाव वरखाली केलं नाही.

पहिल्या राउंडला मुलीला कोकणातलंच एक नवं सरकारी कॉलेज लागलं, घरात आनंदीआनंद. तिथे जॉइन होताना स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म असतो, तो भरला की आहे ती सीट तुमची, पुढच्या राउंडमधून तुम्ही बाहेर. काउन्सिलर म्हणाला भरू नका, वरचं मिळालं तर चांगलंच की. दुसऱ्या राउंडला लिस्ट तीच, आणि लागलं काय तर विदर्भातलं एक कॉलेज, का तर त्याचा कटऑफ पाच-सहा मार्कांनी जास्त म्हणून ते लिस्टमध्ये वर होतं. आता आधीची सीट राहू दे म्हणून चालत नाही, वरचं लागलं की हातातली आपोआप जाते. माझी आई तेव्हापासून एकच विचारते, ‘चेडवाक इतक्या लांब कित्याक धाडलंस?’ तिला पीडीएफ काय सांगणार.

बरं, कटऑफ जास्त म्हणजे कॉलेज चांगलं हे ठरवलं कोणी, तर आमच्यासारख्याच लिस्ट कॉपी करणाऱ्यांनी. मागच्या वर्षी मुलांनी ज्या क्रमाने भरलं तो या वर्षीचा कटऑफ, आणि या वर्षी आपण त्याच्याकडे बघून भरणार. मुंबईचं केईएम, जेजे, पुण्याचं बीजे यांची गोष्ट वेगळी, तिथे नंबर लागत असेल तर डोळे झाकून जावं. पण मधल्या पट्ट्यातली जी कॉलेजं आहेत, डीम्ड (अभिमत विद्यापीठवाली) सोडून सरकारी-खाजगी सगळी, ती १९९८ मध्ये सुरू झालेल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालीच येतात. पेपर तोच, डिग्रीही तीच. मग फरक कशात, तर हॉस्पिटलमध्ये आणि राहण्याखाण्यात, आणि या दोन गोष्टी कुठल्याच पीडीएफमध्ये नसतात.

माझा पुतण्या त्याच सुमारास कोकणातल्या एका नव्या कॉलेजात लागला. त्याला सोडायला मी गेलो होतो. भाऊ ऑफिसात कागद देत बसला होता, मी तेवढ्यात उठून ओपीडीत जाऊन उभा राहिलो. सकाळचे दहा. केसपेपरची रांग दारापर्यंत, एक म्हातारी प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट घेऊन भिंतीला टेकलेली, आत मेडिसिनच्या टेबलाशी दोन डॉक्टर. मग वॉर्डात चक्कर मारली, नुसते बेड मोजून उपयोग नाही, भरलेले किती ते बघायचं. १०० सीटच्या कॉलेजला ४२० बेडचं हॉस्पिटल लागतं असा मेडिकल कमिशनचा नियम आहे, पण पेशंट पुढे कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवत असतील तर पोरांना शिकायला उरते ती रेफरची चिठ्ठी. हे कळायला डीनला भेटावं लागत नाही, चहाच्या टपरीवर जे इंटर्न उभे असतात त्यांना विचारा, ते सगळं सांगतात. रात्री कॅज्युअल्टीत काय येतं, सिझर इथेच होतं का पुढे पाठवतात, टाके घालायला देतात का नुसतं बीपी घ्यायला लावतात, आणि स्टायपेंड हातात किती पडतो. कॉलेज इतकं नवं असेल की इंटर्नच नाहीत, तर सिस्टरना विचारा.

नव्या कॉलेजाचं तोकडं काय ते पण सांगतो, शिकवणारे कमी. पुतण्या म्हणतो एका विषयाला सर आले की कळतं, कारण त्या दिवशी पार्किंगमध्ये एक गाडी जास्त असते. पण त्याच पोराने गेल्या पावसाळ्यात लेप्टोचे (पावसाळी तापाचे) पेशंट बघितले, फुरसं (विषारी साप) चावलेला कातकरी मुलगा बघितला, आणि बेडभोवती पोरं मोजून दहा-बारा असल्यामुळे हात लावून बघितला. आमची कन्या जुन्या मोठ्या कॉलेजात, तिथे पेशंटचा महापूर, प्रोफेसरही नावाजलेले, पण एका बेडभोवती इतकी गर्दी की पहिले दोन महिने तिला पेशंटचे पाय तेवढे दिसले. आता कोणाचं बरं म्हणायचं? मला तर ठरवता येत नाही. एवढं खरं की डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं जे काम केलं, ज्याची जगाने दखल घेतली, ते महाडच्या बाजूला राहूनच केलं, त्यामुळे कोकणात शिकायला आहे काय असं कोणी म्हणू नये.

भाषेचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. पेशंटची हिस्टरी पुस्तकी मराठीत नसते. आमच्याकडची आजी ‘माका बरा वाटणा नाय, जीव घुसमटता’ म्हणते तेव्हा लातूरचा पोरगा पुतण्याच्या तोंडाकडे बघतो, आणि तिकडे वऱ्हाडी पेशंट बोलायला लागला की आमची मुलगी बाजूच्या मैत्रिणीकडे. सहा महिन्यांत जमतं म्हणा. आता ती घरी येऊन ‘काहून’ वगैरे बोलते, आईला हसू आवरत नाही.

येण्याजाण्याचा हिशेब मात्र आधीच करा. कुडाळहून पनवेल-ठाणे, तिथे गाडी बदलून पुढे रात्रभर, दारातून दारात दीड दिवस जातो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं, गाड्या हळू, एक गाडी चुकली की पुढचं सगळं बुकिंग बोंबललं. चतुर्थीचं तिकीट ६० दिवस आधी उघडतं आणि चहा पिऊन होईपर्यंत वेटिंग लागतं. त्यात थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, पोर्शनच्या मध्ये आठवडा मारून चालत नाही. गेल्या चतुर्थीला ती आलीच नाही, आरती व्हिडिओ कॉलवर, तीपण नेटवर्कने अर्ध्यात सोडली.

जवळचं कॉलेज घेतलं म्हणून सुख आहे असंही नाही. जुलैत आपल्याकडे अॅप्रन वाळत नाही. पुतण्या दोन अॅप्रन घेऊन गेला, पंधरा दिवसांत फोन, अजून तीन पाठव. डिसेक्शन हॉलचा फॉर्मलिनचा वास आणि वर ओल्या कपड्याचा कुबट वास, त्याची आई तो अॅप्रन घरात घेत नाही, पडवीतल्या दांडीवर टाकते. हॉस्टेल बघायचं तर पावसाळ्यात बघा, भिंतीला ओल आहे का, कपडे वाळवायला जागा आहे का, लाइट गेल्यावर जनरेटर आहे का. मुलींचं हॉस्टेल कॅम्पसमध्ये आहे का रस्त्यापलीकडे, हे रात्री साडेआठ-नऊला जाऊन बघा, दुपारी सगळंच चांगलं दिसतं.

पैशाचं थोडक्यात. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं, पण कॅपमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) लागलेल्या सीटवरच, मॅनेजमेंट कोट्यात नाही, आणि मेस, हॉस्टेल, डिपॉझिट आपलं आपल्याला. नॉन क्रिमीलेयर आणि जात वैधता बारावीच्या आधी काढून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागते ती काजूच्या भावासाठी पण लागत नाही. आणि सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की साडेचार वर्षं, वर इंटर्नशिपचं एक आणि त्यावर सरकारी सेवेच्या बॉण्डचं एक, बॉण्ड मोडला तर दहा लाख भरा. हे ॲडमिशनच्या दिवशी स्टॅम्प पेपरवर सही करताना कळलेले पालक मी रांगेत बघितलेत. मी पण त्यातलाच.

आता तुमच्याकडे एक मागणं. यंदा निकालाच्या वेळी पेढ्यांच्या फोटोंतला अर्धा रकाना काढून कोकणातल्या मुलांना जी कॉलेजं लागतात, ओरोस, रत्नागिरी, अलिबाग, डेरवण, मिरज, कोल्हापूर आणि लांबचीपण, तिथल्या मुलांकडून लिहून घ्या. हॉस्टेल मिळालं का, पेशंट किती, सर किती, घरी यायला किती तास. नाव नका छापू, नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही. माझी मुलगी पहिलं पत्र लिहायला तयार आहे, फक्त तिचं पहिलं वाक्य मेसच्या डाळीवर असणार हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक पालक
कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग