ओढा ओलांडू न देणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

नातू दहावीला आहे म्हणालात, तो वाचून दाखवील म्हणून हे लिहितेय.

त्या रविवारी आम्ही तिघी खारघरच्या डोंगरावर धबधबा शोधत निघालो होतो. पांडवकड्याच्या मोठ्या धबधब्याला पावसाळ्यात वनखातं जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. जवळपास १०७ मीटर उंचीच्या त्या कड्याखाली किती तरुण पोरं बुडाली, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून फणसवाडीच्या अंगाने एखादा लहानसा धबधबा बघून परतायचा बेत होता. वाटेतल्या ओढ्याला जेमतेम घोटाभर पाणी, डोक्यावर चक्क ऊन. पलीकडे जायला पँट दुमडत होतो, तेवढ्यात तुम्ही मागून येऊन माझा दंड घट्ट धरलात.

“थांबा. पाणी लाल होतंय.”

मला काहीच दिसेना. तुम्ही बोट दाखवलंत तेव्हा दिसलं: दगडाच्या कडेने तांबूस रेघ, तिच्यामागून काटक्या, कुजकी पानं, फेस. मग घरघर सुरू झाली. बघता बघता पाणी कमरेइतकं चढलं आणि ज्या दगडावर मी पाय टाकणार होते तो दिसेनासा झाला. आमच्या अंगावर थेंबही नव्हता. सर माथ्यावर कोसळली होती. हा सगळा काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरतं कमी, पडलं की सरळ खाली धावतं. तुमच्यामुळे आम्ही तिघी त्या दिवशी घरी पोचलो, मावशी. याहून सरळ शब्द मला सापडत नाही.

डोक्यावर फोडशीच्या जुड्या आणि कंटोळ्यांची पाटी, बाजाराची वेळ टळत चाललेली, तरी तुम्ही ओढा उतरेपर्यंत आमच्यापाशी थांबलात. वर पुन्हा करवंदीच्या जाळीतून, काटेरी फांद्या हाताने बाजूला धरत, वरच्या पायवाटेने नेऊन धबधबा दाखवलात, लांबून. पैसे पुढे केले तर रागावलात. “भाजी घ्या, तिचे द्या.”

पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला की ओढ्यातून बाहेर पडायचं आणि उंचावर जायचं, हे मी आता भेटेल त्याला सांगते. तुमच्या शब्दांत सांगते.

कंटोळी घरी फार आवडली. शनिवारी बाजारात येतेय. सासूबाईंनी टाकळाही मागितलाय, दोन जुड्या बाजूला ठेवा.

तुमची,
खारघरची भाची