‘इतर’वाला पोरगा

प्रिय रेवे,

तुझी दोन पत्रं बिनउत्तराची पडून आहेत, ठाऊक आहे. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. आज लिहितेय ते एका पोरापायी. घरी सांगितलं तर ‘बरं मग?’ म्हणतील.

यंदा सांस्कृतिक समिती माझ्या गळ्यात पडलीये. प्रथम वर्षाच्या स्वागताला ‘कलामंडळात या’ सांगायला पाच मिनिटं मिळाली, तीही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र आणि बँकेचा अर्ज यांच्या मधली. मी पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धा, भरत नाट्य मंदिरातलं ‘अरे आव्वाज कुणाचा’ असं सगळं ओतलं. मागून प्रश्न आला, “मॅडम, याला क्रेडिट किती?” नव्या शैक्षणिक धोरणात दोन आहेत. दोन म्हटल्याबरोबर अर्ज संपले! तू हसशील, पण मला ते क्रेडिट चालतं. तू तरी पहिल्यांदा कशाला आली होतीस? पाऊस थांबेपर्यंत, आणि फुकटच्या वड्यासाठी.

अर्जात गायन, नृत्य, अभिनय आणि वादन. वादनात तबला, गिटार, कीबोर्ड. एका पोराने ‘इतर’वर खूण केलेली आणि पुढची ओळ कोरी. संख्याशास्त्राचा, औशाकडचा. त्याला नेपथ्याला लावलं. प्लायवूड धरून उभा राहायचा, खिळे दुसरेच ठोकायचे. एका संध्याकाळी चहा येईना, म्हणून त्या प्लायवरच त्याची बोटं चालू झाली आणि तालीम आपोआप थांबली. हलगी! दुसऱ्या दिवशी खरीच घेऊन आला, तर दमट हवेने कातडं सैल. शेकायला जाळ हवा आणि वॉचमन काडी ओढू देईना. शेवटी कँटीनच्या शेगडीवर शेकली, कांदाभज्यांच्या शेजारी. मग जी कडाडली म्हणतेस! मी विचारलं, “अर्जात का नाही लिहिलंस रे?” म्हणाला, “कॉलेजात कोण हलगी वाजवतं, मॅडम?”

आबांचं संबळ आठवलं ना? ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

आता घोळ ऐक. दिग्दर्शक पोरगी हुशार आहे, पण तिने लगेच शेवटच्या प्रवेशात त्याला दोन मिनिटांची एंट्री लिहिली. मशाली, धुरळा, टाळ्या. पोरगा खूश, मी बेचैन. हा तीन वर्षं ‘आपला हलगीवाला’ होणार, जसं दर गॅदरिंगला ‘रेवा, संबळ!’ व्हायचं आणि वाचनाला तुझ्या हातात संहिता कुणी द्यायचं नाही. तू म्हणायचीस, आधी भूमिका द्या, मग वाजवते. मी म्हणायचे, आधी रंगमंचावर पाय तर ठेव. सांगलीच्या एसटीत त्यावरूनच अबोला धरला होतास, आणि मी अजूनही माझ्याच बाजूची आहे. तरी परवा त्याला वाचनाला बसवलं. बोली लपवायला बघतो, प्रत्येक ‘ण’ जपून काढतो, वाक्य घशात अडकतं. आणि संहितेखाली मांडीवर हात ठेका धरून असतात. भूमिका द्यावी तर पडेल आणि परत येणार नाही. न द्यावी तर हलगी आहेच. फिरोदियात चित्र, शिल्प, वाद्य सगळंच एका संहितेत गुंफायचं असतं, तिथे तो चपखल बसेल. पण ते थेट पुढच्या वर्षी. तोवर टिकला पाहिजे.

यंदाच्या पुरुषोत्तम करंडकाचं म्हणशील तर आशा नको. २०२२ ला परीक्षकांनी तो कुणालाच दिला नव्हता, तेव्हा तुझा मेसेज आला होता, ‘आता कळलं, आपण एकट्या नव्हतो.’ तो मी अजून पुसलेला नाही.

सासूबाईंचा मोतीबिंदू झाला का? धाकटीची दहावी ना यंदा? फ्लॅटचा ताबा मिळाला नसेल तर बिल्डरला माझ्या वतीनेही चार घाल.

प्राथमिक फेरीच्या आधी एखादा शनिवार काढ. पोराला सल्ला देऊ नकोस, नुसतं संबळ घेऊन ये. आणि भांडायचंच असेल तर त्या दिग्दर्शक पोरीशी भांड. ती निदान ऐकून घेते.

तुझी,
सुमी