आई-आप्पा, वाळूची भट्टी मी बंद केली

सोलापूर
19 एप्रिल 2025

ती. आई आणि आप्पा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगावं म्हणून चार वेळा नंबर लावला. पण आप्पा, तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. आणि आईला सांगावं तर ती तुमच्या तोंडाकडे बघत बोलणार, मग तुम्हाला कळणारच. म्हणून लिहायला बसले. आई, हे तू मोठ्याने वाच. मोतीबिंदूचं झाल्यापासून आप्पांना बारीक अक्षराचा त्रास होतो. आणि वाचताना मधेच थांबू नकोस.

अक्कलकोट रोडची शेड मी सोडली. गेल्या आठवड्यात सगळं सामान हलवलं. आता आपलं काम चिंचोळी एमआयडीसीत चालतं. भट्टी मोडली, ब्लोअर भंगारात दिला, वाळूचा हौद रिकामा केला. यापुढे आपल्याकडे वाळू भरून पाइप वाकवायचा नाही. एकसुद्धा नाही.

तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर तुम्ही ‘नको’ म्हणाला नसता, हे मला ठाऊक आहे. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणाला असता आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुण्याहून, ताईच्या घरून निघून दुपारी हौदाच्या कट्ट्यावर येऊन बसला असता. मग माझ्याच्याने काही झालं नसतं.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून वाट काढत तुम्हाला एक्स-रेला नेलं होतं, आठवतं? तुम्ही शर्टाची बटणं लावत होता तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, डाग धुळीचे आहेत. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकातच अडकते, शिंकेबरोबर निघून जाते. जी दिसत नाही ती थेट खाली छातीत उतरते आणि तिथेच राहते. वाळूतल्या सिलिकाची धूळ तसली. झालेले डाग पुसता येत नाहीत, नवे होऊ द्यायचे नाहीत एवढंच आपल्या हातात आहे. मी तुम्हाला तेव्हा ‘सर्दी मुरली आहे’ असं सांगितलं. खोटं सांगितलं. तीन महिने ते मनात सलतंय. पण घाबरू नका, पुण्याच्या डॉक्टरांनी फुंकर मारायला लावून जी तपासणी केली ती पहिल्यापेक्षा बरी आली आहे. धुळीपासून लांब राहिलात तर तब्येत अशीच टिकेल असं ते म्हणाले, आणि हे मी पदरचं सांगत नाही.

आई, तूही छातीचा एक्स-रे काढून घे. गच्चीवर जुन्या चादरीवर वाळू वाळत घालून पदर तोंडाला लावून चाळणारी तूच होतीस. ताईला मी तारीख घ्यायला सांगितली आहे. ‘मला काय झालंय’ म्हणू नकोस.

ती चादर अजून आहे. निळी, मोरांची. तुमची वाळू वाळत असायची आणि मी तिच्या कडेला बसून बोटाने घरं काढायची. संध्याकाळी आप्पा पाइपात वाळू भरायचे, खालच्या तोंडाला लाकडी गुल्ली ठोकलेली, आणि मी लाकडी हातोडी घेऊन बाजूने ठोकत राहायचे. आधी ठणठण वाजायचा, मग वाळू बसत जाईल तसा आवाज जड व्हायचा. आप्पा विचारायचे, ‘काय म्हणतोय गं पाइप?’ मी म्हणायचे, ‘अजून भूक लागलीय.’ पुन्हा वाळू, पुन्हा ठोकणं. शेवटी एकदम बद्द आवाज आला की ‘पोट भरलं म्हणतोय!’ मला वाटायचं पाइप खरंच माझ्याशीच बोलतो.

आणि तो आषाढातला दिवस. वाळू ओली राहिली होती आणि घाईत तशीच भरली. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते, हे मी पुढे कॉलेजात शिकले. गुल्ली उडाली आणि पत्र्याला लागली तेव्हा मी सात वर्षांची होते. तुमच्या भुवईवरची खूण बघितली की मला अजून तो आवाज ऐकू येतो. शेड सोडताना पत्र्यावरच्या त्या पोचाचा फोटो काढून घेतला आहे.

आता कामाचं सांगते, कारण आप्पा, तुम्हाला तेच आधी ऐकायचं असणार. बसच्या सीटच्या फ्रेमची ऑर्डर आहे ना, तिथे ड्रॉइंगमध्ये कोनाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक चालत नाही. शंभरावा जॉब पहिल्यासारखाच लागतो. वाळू भरा, लाल करा, फॉर्मरच्या साच्यावर ओढा, थंड होऊ द्या, वाळू काढा, वरचा पापुद्रा घासा, यात एका बेंडला अर्धा-पाऊण तास कुठेच गेला नाही. नव्या मशीनवर एक बेंड मिनिटाच्या आत होतो, तोही थंड पाइपावर. तुमचा हात त्या मशीनपेक्षा कमी होता म्हणून मी ते आणलेलं नाही. मिल बंद पडल्यावर ज्या हाताने घर उभं केलं त्याला मी कमी म्हणणार नाही. पण तो हात आणखी कुणाकडे नाही, आणि महिन्याला दोन हजार बेंड एका हातावर टाकायचे म्हणजे तुमची छाती खर्ची घालायची.

आई, तुला मशीन कसं असतं ते सांगते. वाळू जे करायची तेच इथे मॅन्ड्रेल करतो, पाइपाला आतून धरतो. लांब दांडा असतो आणि त्याच्या टोकाला माळेतल्या मण्यांसारखे तीन गोळे, पाइप वळेल तसे तेही वळतात. बाहेरून एका बाजूला डाय, म्हणजे गोल साचा, दुसऱ्या बाजूला दाब. पाइप डायभोवती ओढला जातो. त्याच्या पाठीकडचं, म्हणजे वळणाच्या बाहेरचं लोखंड ताणलं जाऊन पातळ होतं, पोटाकडचं, म्हणजे आतल्या बाजूचं, गोळा होऊन जाड होतं. आतून आधार नसेल तर पाठ चपटी होते आणि पोटाला सुरकुत्या पडतात.

तशाच सुरकुत्या पहिल्या दिवशी पडल्या. 32 मिलिमीटरचा पाइप, 1.6 ची जाडी, वळणाची त्रिज्या 64. तुमच्या दृष्टीने काहीच कठीण नाही. सकाळपासून सतरा जॉब वाया गेले. मशीन बसवायला आलेला मुलगा प्रोग्राम बदलत राहिला, वेग कमी करत राहिला. मी पोटाच्या बाजूने अंगठ्याचं नख फिरवून बघत होते, तुम्ही फिरवता तसं. नख दर वेळी वळणाच्या सुरुवातीलाच अडायचं. मला तेव्हा तुम्हाला इतकं विचारावंसं वाटलं! फोन हातात घेतला आणि ठेवला. विचारलं असतं तर कुठल्या मशीनवर, कुठल्या शेडमध्ये, सगळंच सांगावं लागलं असतं. तीन दिवस हेच चाललं. रात्री घरी येऊन तुमच्या खुर्चीत बसायचे आणि उठायचे.

शेवटी मॅन्ड्रेल एक-एक मिलिमीटर पुढे घेत गेले. तो मागे राहिला होता, पाइपाला जिथे धरायचं तिथे पोहोचतच नव्हता. फार पुढे गेला तर पाठीवर फुगा येतो, म्हणून भीत-भीत. चौथ्या मिलिमीटरला नख सरळ गेलं. मग वायपर डायची, म्हणजे सुरकुती पडू नये म्हणून पोटाला चिकटून बसते त्या तुकड्याची, कडही पाहिली, ती झिजली होती, बदलून घेतली. आता पाइपाची वेल्डची शिवण पाठीलाही नाही, पोटालाही नाही, बरोबर मध्यावर ठेवते. तुम्ही खडूने खूण करायला लावायचा तसा खडू इथेही ठेवलाय. 90 अंशांना मशीनवर 92 च्या थोडं खाली सेट केलंय, सोडल्यावर तो तेवढाच मागे येतो. स्टेनलेसचं काम घेतलं तर तो जास्त उलटेल, शिवाय मॅन्ड्रेल ब्राँझचा लागेल, नाहीतर आतून ओरखडे येतात. ते पावसाळ्यानंतर.

मिस्त्रीकाकांना काढलेलं नाही. तुमचा पहिला प्रश्न तोच असणार म्हणून ठळक लिहिते. त्यांचाही एक्स-रे काढला, तो स्वच्छ आहे. आता ते चेकिंग फिक्स्चरवर, म्हणजे तपासणीच्या साच्यावर बसतात, जॉब त्या साच्यात बसला तरच पुढे जातो. भट्टी मोडायच्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत. हौदातली शेवटची पाटी त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. मग म्हणाले, ‘आप्पांना सांगताना जरा सांभाळून सांग.’ मी सांभाळूनच सांगतेय ना?

कर्जाचं. मशीन जुनं घेतलंय, पण कंट्रोल नवीन बसवलेला आहे. घराचे कागद कुठेही ठेवलेले नाहीत, ते कपाटात लाल पिशवीत जिथे होते तिथेच आहेत, आईचे दागिनेही. छोट्या उद्योगांना तारणाशिवाय कर्ज देण्यासाठी जी सरकारी हमी असते तिच्यात बँकेने बसवलं. त्या दिवाळीत जे झालं ते पुन्हा होणार नाही, हे मी आईची शपथ घेऊन सांगते. हप्ता त्या एका ऑर्डरमधून निघतो.

तीन रोलरचं तुमचं हाताचं मशीन विकलेलं नाही. दोन जणांनी मागितलं. मिलच्या शाफ्टमधून तुम्ही ते स्वतः तासून बनवलं होतं, ते कसं देईन? दाराजवळ ठेवलंय आणि वापरातही आहे, मोठ्या त्रिज्येच्या कमानी त्याच्यावरच काढतो. तारेचे साचे पेटीतून काढून खिळ्यांना अडकवलेत. प्रत्येकावर तुम्ही बांधलेली चिंधी तशीच आहे.

घरचं सगळं ठीक. पाणी येतं त्या दिवशी आधी पिण्याचं, मग टाकी, मग तुळस, आई सांगते त्याच क्रमाने. लोणच्याच्या बरण्यांना हात लावलेला नाही. शेंगाचटणी संपली, शेजारच्या काकूंनी वाटीभर दिली, पण तुझ्यासारखी लसणाची नाही. कडक भाकरी मात्र मी एक गठ्ठा घेऊन ठेवलाय, रात्री आमटीत चुरून खाते. कूलरला नवं गवत घातलं. आप्पांच्या खोलीतली गादी गच्चीवर उन्हात टाकून झोडपून घेतली, धूळ म्हणून नाही, आपली सहज.

आता ऐका. इन्हेलर ओढल्यावर गुळण्या करायच्याच, आळस नाही. फाइल ताईच्या कपाटात राहू दे, तुमच्या उशाखाली नको. आप्पा, ताईच्या सोसायटीत खाली फरशी कापायचं काम चाललंय असं कळलं, त्या बाजूने फिरायला जायचं नाही. आई, बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. आणि आत्ता सोलापूरला यायचं मुळीच नाव काढू नका. इथे दुपारी कावळासुद्धा दिसत नाही. मृग लागला, एक-दोन सरी झाल्या की मी येते आणि दोघांना हुतात्मा एक्स्प्रेसने घेऊन येते.

आल्यावर चिंचोळीला नेईन. तुमच्यासाठी चेकिंगच्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडलंय, पाठ टेकायची खुर्ची आहे, स्वच्छ संडास आहे, माठ आहे. आठवड्यात दोन दिवस, दोन-दोन तास. ग्राइंडिंगच्या बाजूला जायचं नाही. मी रागावले तर रागवू द्या.

या पत्राबरोबर एक खोकं येईल. त्यात आत्ता सांगितलेल्या त्याच पाइपाचा बेंड आहे, मधून उभा कापलेला, कडा कानसून घेतल्यात. तुमचा जाडी मोजायचा व्हर्नियरही फडक्यात गुंडाळून ठेवलाय. माझ्या हिशोबाने पाठीची जाडी 1.28 यायला हवी, मला 1.3 मिळाली. पण माझा हात घाईचा आहे, तुम्ही सावकाश मोजा. नखही फिरवा. आणि रात्री फोन कराल तेव्हा काय मिळालं ते तुम्ही स्वतः सांगा, फोन आईकडे देऊ नका.

तुमची,
चिमी