साचे किती, दोन की चार?

ती. मावशींस,
सा. न.

समोर येऊन आभार मानले असते, पण तुम्ही मानू देणार नाही. "ते राहू दे, तुझ्या लेकीच्या परीक्षेचं काय झालं?" म्हणाल आणि विषय तिकडेच जाईल. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

आई गेल्यापासून बाबा गप्प होते, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. माणसं येत नव्हती असं नाही. पण प्रत्येकाचं तेच: गोळ्या घेतल्या का, जेवलात का, शुगर किती? एक नातेवाईक मोबाइलवरून नजर न उचलता "आता देवाचं नाव घ्या" सांगून गेले. एके ठिकाणी आनंदी वार्धक्यावर तासभर व्याख्यान झालं. वक्त्याने समोरच्या एकाही म्हाताऱ्याला साधं नाव विचारलं नाही. घरी येऊन बाबा म्हणाले, "खुर्च्या चांगल्या होत्या."

लिफ्ट बंद म्हणून तुम्ही आमच्याकडे जरा टेकलात. बाबा गिरणीत होते हे कळल्यावर तुम्ही हळहळला नाहीत. १९८२ चा संप म्हटला की लोक अडीच लाख कामगारांबद्दल बोलतात आणि त्यातल्याच एकाला, समोर बसलेल्याला, काही विचारत नाहीत. तुम्ही विचारलंत, "कुठलं खातं?" साचाखातं, म्हणजे कापड विणायचं; गिरणीत मागाला साचा म्हणत. "मग साचे किती, दोन की चार?" बाबांनी मान वर केली.

पण खरे आभार दुसऱ्या दिवसाचे. ऐंशी ओलांडलेल्या तुम्ही, मुद्दाम जिना चढून आलात आणि दारातूनच म्हणालात, "काल एक विचारायचं राहिलं. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून बाहेर कसा काढायचात हो?" आदल्या दिवशीचं बोलणं तुम्ही सोबत घरी नेलं होतं! मागावर आडवा धागा नेतो तो धोटा, आणि त्या धाग्याची कांडी त्याच्या पोटात असते. बाबा उठले, टीव्हीचा रिमोट धोट्यासारखा धरला आणि तोंड लावून धागा ओढून दाखवला. मग ओघात जुन्या कामगारांकडून ऐकलेलं निघालं. याच उष्ट्या धाग्याचं निमित्त करून पूर्वी साचाखात्यात दलितांना घेत नसत, आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला होता. आमच्या घरात हे कुणाच्याच कानावर आलेलं नव्हतं.

वय वाढलं की बहुतेक माणसं आपल्या गुडघ्यांत आणि पेन्शनमध्ये रुततात. काही तर चाळिशीतच. गुडघे तुमचेही दुखतात, पण इस्त्रीवाल्याच्या गावी यंदा पाऊस किती झाला हे बिल्डिंगमध्ये फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. देणग्या देणारे, पाट्या लावून घेणारे पुष्कळ पाहिले. समोरच्याचं ऐकून त्यावर आणखी एक प्रश्न विचारण्याइतकी माणुसकी मला त्याहून मोठी वाटते, आणि कमी माणसांत दिसते.

सध्या बाबा गॅस सिलिंडरवाल्यालाही सोडत नाहीत. तो घाईत असतो, बिचारा.

तर रविवारी चहाला या. तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतात हे मी त्यांना सांगून बसले आहे. परगावच्या साध्या ट्रंक कॉलच्या आठपट पैसे मोजून अतितातडीचा लाइटनिंग कॉल लावायचे, ते नेमके कोण आणि कशासाठी, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं आहे. वेळ काढूनच या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची