अंकल, तुमच्या त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

प्रिय अंकल,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तेव्हा मी चुकले तेही सगळ्यांसमोरच आणि तुमचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. 2025 च्या ईस्टर मंडेला पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिली आठवण तुमची आली, तेव्हापासून लिहू लिहू करत होते.

ऑगस्ट 2018 आठवतो ना? 14 तारखेला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ग्रँड ज्युरीचा, म्हणजे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाचा, कॅथलिक फादरांनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांवरचा रिपोर्ट बाहेर आला होता, 6 धर्मप्रांत, 300 च्या वर धर्मगुरू, हजाराच्या वर मुलं आणि 70 वर्षांचा हिशोब. विरार लोकलमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एकीने मला विचारलं, "तुमच्यात हे खरंच असं होतं का गं?" तिने अगदी हळू विचारलं होतं, आणि मी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशी तिच्यावर तुटून पडले, तुमच्यात होत नाही का, आमच्या शाळेत पोरांना ॲडमिशन पाहिजे असते तेव्हा चर्च चांगलं वाटतं का, काय वाट्टेल ते बोलले. पुढे पंधरा दिवस मी तिच्या डब्यातच चढले नाही.

मग पुढे एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग बसली. पेपरला निषेधाचं पत्र पाठवायचं ठरलं आणि हिचं मराठी बरं आहे म्हणून काम माझ्याकडे आलं. मी झटक्यात लिहून काढलं. चर्चची बदनामी, काही दुर्दैवी प्रकार, मूठभर व्यक्तींच्या चुका, आमच्या भावना दुखावल्या आहेत. वाचून दाखवलं तर टाळ्या पडल्या. तुम्ही मागच्या बाकावर होतात, टाळ्या थांबेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, "बाय, यात मुलं कुठे आहेत?"

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. नव्हतीच मुलं. एक शब्द नव्हता.

मग तुम्ही कापडी पिशवीतून ती प्रिंटआऊट काढलीत, रिपोर्टच्या सुरुवातीची पानं, लाल बॉलपेनने रेघा मारलेल्या. मला वाटलं फादरांच्या नावांखाली रेघा असतील, पण तुम्ही रेघा मारल्या होत्या त्या पोरांच्या वयांखाली, फक्त वयांखाली. पहिलंच वाक्य तुम्ही थांबत थांबत मराठीत करून सांगितलंत, की आम्ही ज्युरीची माणसं, तुम्ही हे ऐकायलाच हवं. आणि पुढचा तो भाग, प्रकरणं दाबायची ठरलेली पद्धत कशी होती, बलात्कार हा शब्द कागदावर येऊच द्यायचा नाही, त्याच्या जागी काहीतरी मऊ शब्द घालायचा, फादरची बदली करायची आणि नव्या ठिकाणच्या लोकांना काही कळू द्यायचं नाही. माझ्या हातातल्या कागदावर "दुर्दैवी प्रकार" असं लिहिलेलं होतं अंकल, माझ्याच अक्षरात. मी काही लपवायला लिहिलं नव्हतं हो, चर्चच्या प्रेमापोटी लिहिलं होतं, पण शब्द तेच निघाले.

कुणीतरी चिडून म्हणालं की मग पोपसाहेबांना पण विचारा. तुम्ही म्हणालात, विचारूया की. आणि चिलीची गोष्ट सांगितलीत, मला ती माहीतच नव्हती. जानेवारी 2018 मध्ये तिथल्या एका बिशपवर प्रकरण झाकल्याचा आरोप पीडितांनी केला होता, तर पोप फ्रान्सिसच पत्रकारांना म्हणाले होते की पुरावा नाही, ही सगळी बदनामी आहे. हाच शब्द! मग चौकशीला माणूस पाठवला, लोकांचं ऐकून घेतलं आणि एप्रिलमध्ये त्यांनीच लिहून दिलं की माझी गंभीर चूक झाली. पीडितांना व्हॅटिकनला बोलावून माफी मागितली. आणि पेनसिल्व्हेनियानंतर 20 ऑगस्टला जे पत्र काढलं त्याची सुरुवातच बायबलमधल्या संत पौलाच्या वाक्याने, एक अवयव दुखावला तर सगळे अवयव त्याच्याबरोबर दुःख सोसतात. आपण हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय, पण दुखावलेला अवयव म्हणजे चर्चचं नाव असं आपण धरून चाललो होतो.

एका गोष्टीसाठी तुमचे खास आभार, तुम्ही आम्हाला मूर्ख ठरवलं नाहीत. आम्ही का चिडतो ते तुम्हाला माहीत होतं. 2008 ला ओडिशातल्या कंधमालमध्ये आपल्या लोकांची घरं जाळली, चर्च जाळली, माणसं मारली, तेव्हापासून आपल्याकडे कुणी बोट दाखवलं की आधी भीतीच वाटते, आपण आहोतच किती. तेव्हा निषेध केला ते बरोबरच होतं, तुम्ही म्हणालात, पण घर जाळणारा आणि घरात पोर का रडतंय म्हणून दार वाजवणारा यांना एकच समजू नका.

निषेधाचं पत्र गेलं नाही. काही लोक तुमच्याशी कित्येक महिने बोलले नाहीत, नाताळला पण हात मिळवला नाही, मी बघितलंय. तुम्ही मात्र कॅटेकिझमच्या, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या, वर्गांच्या मागे लागलात. दारांना काच बसली, मुलांबरोबर एकटं मोठं माणूस बसायचं नाही असं ठरलं, भिंतीवर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनचा बोर्ड आला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा, कळलं तर पोलिसांना सांगावंच लागतं, फादरांना सांगून विषय मिटत नाही, हे आमच्यातल्या अर्ध्यांना पहिल्यांदाच तुमच्याकडून कळलं.

आणि मी त्या मैत्रिणीच्या डब्यात परत चढले. सॉरी म्हटलं, आणि म्हटलं हो, झालंय असं, आणि मला त्याची लाज वाटते. ती काही बोलली नाही, सरकून जागा दिली.

तुमची प्रिंटआऊट माझ्याकडेच आहे, परवा कपाटात सापडली. अजून थोडे दिवस राहू दे, यंदा नवीन कॅटेकिझम टीचर्सचं ट्रेनिंग माझ्याकडे आलंय, पहिल्या दिवशी त्यांना तीच वाचून दाखवणार आहे. सुकेळी मात्र या रविवारी घेऊन येतेच.

तुमची,
मीटिंगमधली बाय